आसानालीची उठबस

डोंगरातल्या नारीनच्या इस्पितळात आसानालीला न्यूमोनियाने आणलं, पण खाटेला खिळवलं ते नातलगांनी. ताप उतरून चार दिवस झाले होते. तरी म्हाताऱ्याने पाय खाली सोडला की सून बुरुलचा तो उचलून पुन्हा गादीवर ठेवी. एक्याऐंशी वर्षांचा सासरा स्वतः उठून पाणी घेतो हे कुणी पाहिलं असतं, तर गावात तिची छीथू झाली असती. भेटायला येणाऱ्यांपुढे उकडलेलं मटण जाई. आजाऱ्याला त्याचं पाणी.

व्यायाम करून घेणारी नुरझात आली आणि तिने त्याची मांडी चाचपली.

"आबा, छाती सुधारली, पण अंगातला दाह अजून आहे. तो स्नायू खातो. उरलेले ही गादी खाते."

"आणि मटण पाहुणे."

"शुक्रवारी डॉक्टर बघतील. आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठलात तर घरी. नाहीतर मुलीकडे शहरात, चौथ्या मजल्यावर."

शनिवारी सगळं घर मेंढरं घेऊन वरच्या कुरणात, जैलूवर, निघणार होतं. आसानालीने आजवर एकही उन्हाळा खाली काढला नव्हता. त्यांना स्वतः उठू द्या, असं नुरझातने सुनेला समजावलं. सून म्हणाली, "तुमच्यात असेल. आमच्यात मोठ्यांना कामाला लावत नाहीत."

शेजारच्या खाटेवर सादिरकूल होता. पित्ताशय काढलेलं, भरपूर चालायला सांगितलेलं, दाढी छातीपर्यंत.

"सादिरकूल, आजपासून तू नव्वदीचा," आसानाली त्याला म्हणाला.

"मी अठ्ठ्याहत्तरचा आहे."

"दाढीला विचार. तू फक्त दारातून ये-जा करायची."

दुपारी सात पाहुणे बसले होते. सादिरकूल दारात आला. "नव्वदीचे अके, आपले थोरले भाऊ, आले," म्हणत आसानाली खाटेची कड धरून उठू लागला. बुरुलचाचा हात त्याला बसवायला पुढे आला आणि तिथेच थांबला. वडीलधारं माणूस आत आलं की उठायचं, हे तिनेच पोरांना कान पिळून शिकवलेलं. सगळे उठले. पाच मिनिटांनी सादिरकूल बाहेर जाऊन परत आला. पुन्हा सगळे उठले.

"ह्यांना एका जागी बसवत नाही का?" नवव्या खेपेला एक मेहुणा धापा टाकत कुजबुजला.

"नव्वदीत होतं असं," आसानाली म्हणाला.

मेहुणा मटण अर्धवट टाकून गेला. ते आसानालीने संपवलं.

तिसऱ्या दिवशी बुरुलचाने शेजारच्या खाटेवरचा कागद वाचला.

"आबा, इथे अठ्ठ्याहत्तर लिहिलंय."

"लिहिलं असेल."

तिने कागद जागेवर ठेवला. सकाळी तो खाटेची कड न धरता उठला होता, हे तिने पाहिलं होतं. तेवढ्यात सादिरकूल दारात आला. बुरुलचा पाहुण्यांकडे वळली. "बसलात काय? उठा, नव्वदीचे आलेत." मग तिने मटणाची थाळी पाहुण्यांसमोरून उचलून सासऱ्यापुढे ठेवली.

शुक्रवारी डॉक्टर मोजायला उभे राहिले. चार वेळा तो सरळ उठला. पाचव्यांदा तो अर्ध्यावर अडकला. बुरुलचाने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. आसानालीने श्वास घेतला आणि सावकाश, पण पुरता, उभा राहिला.

"घरी," डॉक्टर म्हणाले. "घोड्यावर मात्र महिनाभर बसायचं नाही."

"बसतोय कोण?" आसानाली म्हणाला. "बसून बसून कंटाळलोय. लगाम धरून चालत नेईन."