चार बोटांची चोरी

धाकटी नुकतीच विणायला शिकत होती. पलंगपोसाला हात घालण्याआधी तिने त्याच सुताचा छोटा नमुना विणला, दोन्ही टोकांना लाल पट्टी घातली आणि मागावर ताणलेला असतानाच मापला. चांगला हातभर भरला. मग धुऊन वाळत घातला, संध्याकाळी काढला, तर चार बोटं कमी!

थोरली जाऊ सकाळीच कात्री मागून गेली होती. शिवाय गरम भांडं उचलायला धड फडकं नाही म्हणून तिची कुरकुर चाललीच होती. धाकटीने स्वयंपाकघरातलं एकूण एक फडकं उलटंसुलटं करून पाहिलं. कापलेला तुकडा काही सापडेना, तेव्हा तर तो लपवलाच आहे अशी तिची खात्रीच पटली.

"जाऊबाई, माझा नमुना कुणी कापला?"

थोरलीने तो उजेडात धरला. "कापला म्हणतेस, मग लाल पट्टी दोन्हीकडे कशी गं?"

धाकटीने पाहिलं. पट्ट्या जागच्या जागी होत्या.

"आटला वाटतं," ती पुटपुटली.

"नशीब, नमुन्यावरच निभावलं," थोरली म्हणाली. "आख्खा पलंगपोस आटला असता, तर दारात पोलीसच आणले असतेस!"