मास्तरांच्या नावाचा स्टँड

फुटबॉल क्लबचे जुने मॅनेजर, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी नऊ वर्षांत क्लबला एकही कप मिळवून दिला नाही, ही गोष्ट टेलरच्या दुकानात काढायची सोय नव्हती. कुणी काढलीच, तर टेलर तोंडातल्या टाचण्या एकेक करून बाहेर काढायचा, म्हणजे प्रकरण लांबणार हे समोरच्यानं ओळखावं, आणि म्हणायचा, “कप काय, कुणीही जिंकतं!” कुणीही म्हणजे या क्लबखेरीज कुणीही, एवढा खुलासा मात्र तो करत नसे.

मास्तरांच्या काळात सोळा संघांत आपला संघ एकदा अकरावा आला होता. त्या आनंदात बेकरीवाल्यानं गल्लीभर फुकट पाव वाटले होते. एरवी आपलं चौदावा, पंधरावा असं रडतखडत चाललेलं. शेवटच्या वर्षी संघ घसरून खालच्या लीगमध्ये गेला आणि मास्तरही क्लब सोडून गेले. त्यांच्यामागून आलेल्या मॅनेजरनं संघ पुन्हा वर आणला, दोन कप आणले, तरी दुकानात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. त्याला सगळे नुसतं ‘तो’ म्हणत. ‘तो’ जिंकतो खरा, पण त्या जिंकण्यात काही राम नाही, असं बेकरीवाल्याचं ठाम मत होतं.

टेलरच्या बायकोचं मत वेगळं होतं. “माझ्या बाबांचं नाव कधी एवढ्या प्रेमानं घेतलं नाहीत,” ती म्हणायची.

“तुझ्या बाबांनी असं काय केलंय?”

“तुम्हाला जावई करून घेतलं. एवढा मोठा पराभव तुमच्या मास्तरांच्या नावावरही नसेल.”

या बायकोचा भाऊ क्लबच्या कमिटीवर होता. एका संध्याकाळी तो दुकानात आला आणि इस्त्रीच्या टेबलावर टेकून बसला. “दाजी, मैदानावर प्रेक्षकांचा नवा स्टँड बांधून झालाय. त्याला नाव द्यायचंय.”

“मास्तरांचं. आम्ही दोनशे सह्यांचा अर्ज दिलाय.”

“अर्ज पोचला. पण गादीवाला मध्ये आलाय. गाद्यांचा कारखाना आहे ना, तो. स्टँडवर त्याच्या कंपनीचं नाव आणि वर ही एवढी मोठी गादी.”

“आमच्या डोक्यावर गादी?”

“तसेही तिथे निम्मे लोक झोपलेलेच असतात,” मेहुणा म्हणाला. “हे बघा, मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय. रविवारच्या मीटिंगमध्ये तुमच्यापैकी एकानं यायचं, मास्तरांबद्दल पाच मिनिटं बोलायचं. मग मतदान.”

बोलायला टेलरचीच निवड झाली, तीही बिनविरोध. कारण मास्तरांच्या अंगाला माप लावलेला त्यांच्यात तोच एकटा. मास्तरांचा कोट त्यानं शिवला होता. “डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली,” तो सांगायचा. “संघाचं ओझं, दुसरं काय!” मास्तर आयुष्यभर त्याच खांद्याला बॅग अडकवत आले होते, पण ते कोण लक्षात घेतो?

मग भाषणाची तयारी सुरू झाली. रोज दुकान बंद व्हायच्या वेळी बेकरीवाला आणि रिटायर झालेला पोस्टमन येऊन बसायचे आणि टेलर कापता कापता ऐकायचा.

“सात-शून्यची मॅच घेच,” पोस्टमन म्हणाला. “सातवा गोल बसल्यावर आपला गोलकीपर रडायला लागला, तेव्हा मास्तर थेट मैदानात गेले आणि अंगातला कोट काढून त्याला घातला.”

“मी शिवलेला,” टेलर म्हणाला.

“आणि धुक्यातली मॅच. कुणालाच बॉल दिसत नव्हता.”

“समोरच्या संघाला दिसत होता. चार गोल मारले त्यांनी.”

“आणि ती पेनल्टी रे! शेवटचं मिनिट, आणि मास्तरांनी संघातला सगळ्यात कच्चा भिडू पुढे केला. का? तर त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता म्हणून!”

“बॉल गेला कुठे होता?”

“मागच्या रस्त्यावर. बसच्या टपावर.”

तिघांचेही डोळे पाणावले. लोक जिंकलेल्या मॅचेस आठवतात. यांनी हरलेल्या मॅचेस अशा घासूनपुसून लख्ख ठेवल्या होत्या की ऐकणाऱ्याला वाटावं, काय भाग्यवान माणसं ही! भाषण तयार झालं तेव्हा त्यात एकही विजय नव्हता, आणि तिघांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. मास्तरांनी काही मॅचेस जिंकल्याही होत्या, पण त्या कुणाला धड आठवत नव्हत्या.

टेलरनं भाषण तोंडपाठ केलं. त्या पाठांतराच्या नादात एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय दोन बोटं आखूड कापला गेला. “चालताना कळणार नाही,” टेलर म्हणाला. गिऱ्हाईक दुकानभर चालून आलं आणि म्हणालं, “कळतंय.”

रविवारी टेलर स्वतः शिवलेला सूट घालून क्लबात गेला. कमिटीच्या खोलीत लांबलचक टेबल होतं आणि भिंतीशी काचेच्या कपाटात ‘त्या’चे दोन कप होते. टेलरनं कपाटाकडे पाठ येईल अशी खुर्ची बघून घेतली. समोर गादीवाला बसला होता, गोरागोमटा आणि झोप पूर्ण झालेला. तेवढ्यात दार उघडलं आणि मास्तर आत आले.

टेलरला आभाळ ठेंगणं झालं. मास्तर आले, आपल्यासाठी आले! अंगात रेडीमेड कोट होता आणि खांदे साफ चुकले होते, पण टेलरनं तेही पोटात घातलं. मास्तर जाऊन गादीवाल्याच्या शेजारी बसले. शत्रूच्या मांडीला मांडी लावून बसले, टेलरच्या मनात आलं, याला म्हणतात छाती.

तो उभा राहिला आणि बोलायला लागला. सात-शून्य ऐकून खजिनदारानं रुमाल तोंडाला लावला. धुक्यापाशी गादीवाल्याचे खांदे हलायला लागले. बॉल बसच्या टपावर पडला तेव्हा अख्खी कमिटी खो-खो हसत होती आणि अध्यक्ष डोळे पुसत “पुढे, पुढे” म्हणत होते. टेलर थांबला. आपण आठवडाभर काय पाठ केलं ते त्याला त्या क्षणी उमगलं आणि त्याचे कान तापले. आपण प्रेमानं बोलायला आलो आणि आपल्याच माणसाची अब्रू काढून बसलो, असं वाटून त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

पाठ केलेलं सगळं पार विसरून तो म्हणाला, “खालच्या लीगमध्ये गेलो त्या दिवशी हे फाटकापाशी उभे होते. पावणेदोन हजार माणूस बाहेर पडलं, त्यातल्या एकेकाचा हात धरून यांनी सांगितलं, माझं चुकलं, मला माफ करा. मला पन्नास वर्षांत असं कुणी म्हटलेलं नाही, साहेब. बापानं नाही, घरमालकानं नाही. मी उगाच बोंबलतो की संघासाठी मॅचला जातो. मी यांच्यासाठी जायचो.”

खोलीत कुणी हसलं नाही. मेहुणा स्वतःच्या पेनाकडे बघत राहिला. अध्यक्ष म्हणाले, “मास्तर, तुम्हाला काही बोलायचंय?”

मास्तर उठले. “इतकं चांगलं माझ्याबद्दल कधी कुणी बोललं नाही,” ते म्हणाले, आणि टेलरचा ऊर भरून आला. “पण मंडळी, भावनेनं क्लब चालत नाही. नऊ वर्षं त्या लाकडी बाकावर बसून माझ्या पाठीचं मातेरं झालं होतं. या साहेबांच्या गादीनं मला पुन्हा सरळ उभं केलं. आता जाहिरातीतही मीच आहे. तेव्हा नाव यांचंच द्या. मी हक्कानं सांगतो.”

मतदानाला फार वेळ लागला नाही. बाराच्या बारा हात वर गेले. मेहुण्याचा जरा उशिरा गेला, पण गेला.

बाहेरच्या बोळात मास्तरांनी टेलरला गाठलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. “छान बोललास. काय करतोस तू?”

“टेलर आहे, मास्तर.”

“वा. म्हणजे बैठं काम. पाठ सांभाळ. शोरूमला माझं नाव सांग, दहा टक्के सूट देतील.”

“हो, मास्तर,” टेलर म्हणाला. त्याला संताप आला होता. पण पाठीवरचा तो हात आणखी थोडा वेळ राहावा असंही वाटत होतं, आणि याचीच त्याला जास्त चीड आली.

दुकानाच्या पायरीवर बेकरीवाला, पोस्टमन आणि गल्लीतले आणखी दहा-बारा जण थांबले होते. मेहुणाही पाठोपाठ आला, बहुधा दाजींची समजूत घालायला.

“गेलं,” टेलर म्हणाला. “गादीवाल्याला दिलं.”

सगळ्यांनी माना हलवल्या. हरण्याची सवय होती. मग पोस्टमननं विचारलं, “मास्तर आले होते म्हणे. काय म्हणाले?”

टेलरनं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. एका वाक्यात काम झालं असतं. उद्या बेकरीतल्या भट्टीवरचा मास्तरांचा फोटो उतरला असता, आणि या माणसांकडे उरलं काय असतं? ‘तो’ आणि त्याचे दोन कप.

“मास्तर उभे राहिले,” टेलर म्हणाला. “टेबलावर हात आपटला. म्हणाले, स्टँड विकणार असाल तर आधी मला बाहेर काढा.”

“असं म्हणाले?”

“तोंडावर. गादीवाला पांढराफटक पडला.”

“मग?”

“मग काय, मतदान. सगळे एका बाजूला आणि मास्तर एकटे एका बाजूला. बारा-एक.”

“बारा-एक!” पोस्टमननं चष्मा काढला. मास्तरांना मताचा अधिकार कुठून आला, हे कुणी विचारलं नाही. सात-शून्यहून भारी मॅच हाती लागली होती. बेकरीवाला मेहुण्याकडे वळला. “तुम्ही होतात ना तिथे? खरंच असे उभे राहिले?”

मेहुण्यानं तोंड उघडलं. दाजी त्याच्याकडे बघत होते. बहिणीच्या लग्नापासून आजवर त्यांनी मेहुण्याकडे काहीही मागितलं नव्हतं.

“मला मान वर करून बघवलं नाही,” मेहुणा म्हणाला.

“टेलर, बस इथे,” बेकरीवाला नाक ओढत म्हणाला, “आणि पहिल्यापासून सांग.”

टेलरनं पहिल्यापासून सांगितलं. या खेपेला मास्तरांचा आवाजही भरून आला.