शून्याची वस्ती

वस्तीवस्तीत जाऊन तापाच्या माणसाचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि हिवतापाचे जंतू शोधायला ती दवाखान्यात द्यायची, हे काम सव्वीस वर्षं करणाऱ्याला सगळे टोचेमामा म्हणत. त्याच्या वाट्याची शेवटची वस्ती सीमेला अगदी खेटून होती. तिच्या परसात एक देश संपायचा. एके काळी तिथं घरटी एक जण हिवतापानं पडलेला असे. मामा दीड तास चढ चढून जाई, गोळ्या समोर बसून गिळायला लावी, मच्छरदाण्या औषधात बुडवून वाळत घाली. दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यातली रेघ जिना उतरावी तशी दरसाल खाली आली आणि चार वर्षांपूर्वी शून्यावर टेकली.

पाप काही दार फोडून येत नाही. पाहुणं म्हणून येतं आणि पाणी मागता मागता घरमालक होऊन बसतं. तापच नाही तर चढायचं कशाला, असं मामाच्या गुडघ्यांनी विचारलं आणि त्याला ते पटलं. पण ताप असो नसो, वस्तीच्या बारा काचा तर दरमहा द्यायलाच हव्यात. मग त्यानं घरी बसून स्वतःचंच बोट टोचलं आणि काचांवर जुन्या वहीतली बारा नावं लिहिली. रक्त निरोगी, काचा स्वच्छ, शून्य ते शून्यच. असे तीस महिने गेले. कुंपण शेत खात होतं आणि शेताला पत्ता नव्हता.

या महिन्यात मात्र बाराच्या बारा काचांत जंतू निघाले.

लॅबवाल्या ताईंनी ते सांगितलं तेव्हा मामाला तीन दिवस हुडहुडी भरत होती. काचा काढल्या तेव्हाच अंगात कसर होती. आजारी वस्ती नाही, आजारी आपण, हे त्याला तिथल्या तिथं उमगलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तो फवारणीचा पंप धुवायला निघून गेला. तासाभरात डॉक्टरीणबाईंनी सीमेवरच्या चौकीला कळवलं की या वस्तीतलं कुणी तीन आठवडे पलीकडं सोडू नका, आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या घेऊन जीप निघाली. मामा मागं फवारणीचा पंप धरून थरथरत बसला.

वस्तीत त्याला कुणी जाब विचारला नाही. उलट विचारपूस झाली. कुणीतरी हसत म्हणालं, मामांनी ताप संपवला आणि मामाच संपले असं वाटलं होतं आम्हाला. कडेच्या घरातली मावशी गाठोडं बांधून दारातच बसली होती. सीमेपलीकडं दिलेली तिची लेक पहिल्या बाळंतपणाला टेकलेली, आणि सकाळी चौकीवरून मावशीला परत पाठवलेलं. ती इतकंच म्हणाली, रोग आहे म्हटल्यावर काय करणार, बाळाला लागायला नको.

डॉक्टरीणबाई नावं वाचत गोळ्या देऊ लागल्या. चौथं नाव मावशीच्या नवऱ्याचं होतं. कुणीच पुढं आलं नाही.

"हे कुठं आहेत?"

मावशीनं मामाच्या तोंडाकडं पाहिलं. वाईट वर्षांत याच माणसानं तिच्या नवऱ्याला पाठुंगळीला मारून चढ उतरवला होता.

"रानात गेलेत," ती शांतपणे म्हणाली. "माझ्याकडं द्या. आले की देते."

तिची सून मान फिरवून उभी राहिली. पलीकडं भिंतीला एक खाट उभी करून ठेवलेली होती, तिच्यावर धुळीचा थर. मामाच्या लक्षात आलं. आपली नोकरी वाचवायला ही बाई मेलेल्या नवऱ्याच्या गोळ्यांसाठी हात पुढं करतेय. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मावशी, हात मागं घ्या. कुणी गिळू नका गोळ्या," तो म्हणाला. "डॉक्टर, बाराही काचांवर माझं रक्त आहे. अडीच वर्षं मी इथं आलेलोच नाही. हे गेले, तेही मला आत्ता कळतंय."

गोळ्यांचं पाकीट परत खोक्यात गेलं. मग बाईंनी विचारलं, "मामा, तक्त्यातली शून्यं खरी किती?"

"पहिल्या दीड वर्षाची."

"आणि बाकीची?"

"माझ्या बोटाची."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यांनी सुयांचा डबा स्वतः उघडला. खरं रक्त तपासल्याशिवाय चौकीला काय सांगणार? मामाला त्यांनी नुसती नावं लिहायला बसवलं. मावशीनं सगळ्यांत आधी बोट पुढं केलं. तिला लेकीकडं पोचायचं होतं.

मामानं तिच्या नवऱ्याचं नाव खोडलं. वर न बघताच त्यानं विचारलं, कधी गेले आणि कशानं.

मावशीनं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. बाईंनी परत विचारलं, तेव्हा म्हणाली, "दोन वर्षं झाली. तापच होता. कसला ते कळलं नाही, रक्त घ्यायला कुणी आलं नव्हतं." मग हळूच मामाकडं वळली. "तुम्हाला हे कळू द्यायचं नव्हतं मला, भाऊ."

मामाच्या हातातलं पेन तिथंच थांबलं. बाईंनी ते काढून घेतलं आणि ती ओळ स्वतः लिहिली.