जनीचं सुतक

"काकी, अजून केस नाय विंचरले? ऊठ, रिक्षा थांबलीय!"

रंजिता दारातूनच ओरडली. पनवेलला घरकाम करणाऱ्या बायांची नावं सरकारच्या कामगार मंडळात घालायचं शिबिर होतं, आणि संघटनेच्या रंजितानं रोडपालीतून रिक्षाभर बाया गोळा केल्या होत्या. जनी मात्र उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती.

"मी नाय येत. मना सुतक हाय."

"सुतक? कोण गेला?"

"बापटांची आजी. बुधवारी."

रंजितानं कपाळाला हात लावला. "अगो, ती तुझी कोण? तिथं तू भांडी घासतेस! तिच्यापायी काल दीपेशच्या हळदीलाबी नाय आलीस. आत्या नाय म्हणून तुझा भाऊ, एवढा बाप्या माणूस, मांडवात रडत होता."

"मी त्या घरातलीच हाय," जनी म्हणाली. हे वाक्य बोलताना ती नेहमी जरा ताठ बसायची. आजही बसली.

"पुढचं शिबिर शिमग्यानंतर. आधार कार्डावर तुझी जन्मतारीख एक जानेवारी हाय, तवर साठी उलटंल. मंग मंडळ नाव घेत नाय. उद्या पडलीस आजारी, तर घरातलीच म्हणून कोण येईल उशाशी?"

"सुतकात नव्या कामाला हात लावत नाय, रंजिता. जा तू."

रिक्षा गेली. जनी तांदळातले खडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी असलं की खडे दिसत नाहीत. त्या रात्रीचा भात दाताखाली कचकचला.

खरं तर मंडळाचा कागद आजी असतानाच तयार झाला होता. काम करतो त्या घरची सही लागते म्हणून जनीनं ती शोभावहिनींकडे मागितली होती. वहिनींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कामवाली म्हणून सही करू? काहीतरीच काय! तू तर आमच्या घरातलीच." जनी इतकी हरखली, की सही राहिली हे तिला कळंबोलीच्या सिग्नलला आठवलं. दुसऱ्या दिवशी रंजितानं परत पिटाळलं तेव्हा वहिनी पुन्हा तेच म्हणाल्या, पण आतल्या खोलीतून आवाज आला. आजी अंथरुणाला खिळली होती, जीभ नाही.

"घरातली ना? मग तिचा कप खिडकीत का गं ठेवतेस, शोभा? आण तो कागद इकडे."

फ्लॅट आजीच्याच नावावर होता, तिची सही चालणार होती. जनीनं पाठीशी उशी दिली, मनगट धरलं, आणि आजीनं मुंगी चालावी तशी सही केली.

"जने, लाजू नकोस," ती धापा टाकत म्हणाली. "काम केलंस, ते काम केलं असं कुठंतरी कागदावर लागू दे."

या बाईचं सुतक धरायचं नाही, तर कुणाचं धरायचं? जनीनं डोक्याला तेल लावलं नाही, घरच्या देवांना हात लावला नाही, बाकीच्या दोन घरची कामं बंद ठेवली. तिथं खाडे पडत होते, पडू देत. बापटांकडे मात्र ती रोज जात होती. तिथं सगळेच सुतकातले. विटाळ कुणाचा कुणाला होणार?

मंगळवारी ती भांडी विसळत असताना शोभावहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. रडून रडून त्यांचा चेहरा सुजला होता.

"जनी, हात धू आणि देवापाशी दिवा लाव ना. शेजारच्या लावत होत्या, त्या गेल्या पुण्याला. आम्हाला कुणालाच चालत नाही. सासूबाईंचे देव अंधारात आहेत गं."

जनी हलली नाही. "वैनी, मी कशी लावू?"

"का? काय झालं?"

"माज्या डोक्याला तेल नाय. आजी गेल्यापासून."

वहिनींना क्षणभर उमजेना. मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, मायाच होती. तेच तर वाईट होतं.

"अगं वेडाबाई! तुला कसलं सुतक? सुतक घरच्यांना असतं."

नळ चालू होता. जनीनं तो बंद केला.

"म्हणजे, तू घरातलीच आहेस गं, पण..." वहिनी म्हणाल्या. त्या दारातून बाजूला झाल्या.

"काल-परवा कधी तुमच्या त्या शिबिराला जायचं होतं ना तुला?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं. "झालं का काम?"

"झालं," जनी म्हणाली.

तिनं हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. देवघरापाशी उभं राहून, कशाला जास्तीचा हात लागू नये अशा बेतानं समई पुढं ओढली. वात तेलात बुडवली, टोक पिळलं आणि काडी ओढली. आजीचे देव उजळले.

बोटं तेलानं माखली होती. जन्माच्या सवयीनं हात पुसायला केसांकडे गेला आणि वाटेतच थांबला.

तिनं तो पदराला पुसला, आणि उरलेली भांडी विसळायला गेली.