खेकड्यानं बांध फोडला तो शनिवार

जगनला अक्षर वाचता येत नव्हतं आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. शनिवार आला की मिठागरातलं काम लवकर उरकायचं, अंगावरचा खार धुऊन काढायचा, इस्त्रीचा नसला तरी धुतलेला सदरा चढवायचा आणि एस्टीने पेण गाठायचं. स्टँडसमोर दिनानाथची पेपरांची टपरी होती. शनिवारी तिथे नव्या कॉमिक्सचा गठ्ठा सुटायचा. शाळेतल्या पोरांच्या गराड्यात हा पन्नाशीतला, मिठाने टाचा फुटलेला बाप्या अशा ऐटीत उभा राहायचा, की दिनानाथने टपरी जणू त्याच्यासाठीच टाकली होती.

दिनानाथला शिफारशी करायची हौस होती. "हे घे जगनशेठ, आजच आलंय. भुताचं हाय, पोरं तुटून पडलीत."

जगन पानं उलटायचा आणि मान हलवायचा. "नको. ह्यात माणसं नुसती तोंडं उघडून उभी हायत. बोलघेवडं पुस्तक हाय."

माणसांच्या डोक्यावर अक्षरांचे फुगे जास्त, म्हणजे चित्रकाराला चित्र जमलं नाही, असा त्याचा साधा हिशेब होता. अक्षरं ही चित्र न कळणाऱ्यांची सोय. आंधळ्याला काठी लागते म्हणून आपण कशाला काठी घेऊन फिरायचं, असं तो म्हणायचा, आणि हे म्हणताना त्याला खरोखरच सगळ्या शिकलेल्यांची थोडी दया यायची.

गेलं दीड वर्ष मात्र त्याला शिफारस लागतच नव्हती. एकच मालिका तो घ्यायचा. निळ्या घट्ट कपड्यांतला, हातात लालभडक मोजे घातलेला एक जवान पोरगा वरच्या कोपऱ्यात छापलेला असायचा. पुस्तक हिंदीत होतं आणि त्या पोराचं छापील नाव अग्निहस्त होतं. जगनने त्याचं नाव ठेवलं होतं खेकड्या. लाल पंजे आणि सारखा बांध पोखरायच्या मागे, मग दुसरं काय म्हणणार? खाडीकाठच्या माणसाला खेकडा बिळं पाडून बांध कसा आतून पोकळ करतो, हे कोणी शिकवावं लागत नाही.

आणि गोष्टीतला खरा मर्द गडी होता बांधवाला, हेही नाव जगननेच ठेवलेलं. काळा झगा, दाट मिशा, डोक्यावर मुकुट. त्याने एक मोठा दगडी बांध घातला होता. एका अंगाला निळं पाणी तटतटलेलं, दुसऱ्या अंगाला घरं आणि कोरडी जमीन. बांधावर त्याची माणसं हातात चाबूक घेऊन फिरायची.

"चाबूक कशाला रं?" मिठागरातल्या केरूने एकदा विचारलं होतं.

"बांधाचं काम म्हटल्यावर मुकादम आलाच," जगन म्हणाला होता, आणि हे सगळ्यांना पटलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मिठाच्या राशींपलीकडे, शेडच्या सावलीत ही बैठक बसायची. दहाबारा बाया-माणसं, तंबाखूची चंची, आणि मध्ये जगन पुस्तक सगळ्यांकडे फिरवून धरून सांगतोय. तो सांगायचा झकास. बांधवाला रात्री कंदील घेऊन बांधावर फिरतो, लोक त्याच्यापुढे हात जोडतात, कारण त्याच्यामुळे पोटाला भात मिळतो. खेकड्या येतो, सुरुंग लावतो, बांधवाला त्याला पिटाळतो. सगळे सुटकेचा निःश्वास सोडतात आणि घरी जातात.

यात सगळ्यांत पुढे ठमाबाई बसायची. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच ती विचारायची, "बांध हाय ना रं?"

"हाय, हाय," जगन म्हणायचा. मगच ती पदर सावरून नीट बसायची.

ठमाबाईचं खाजण, बांधाआतलं भाताचं शेत, एका उधाणात गेलं होतं. गावात जोळ होती, म्हणजे बांध राखायला गावाने पूर्वापार बांधलेली एकी. बांध फुटून खांड पडली की घरटी एक माणूस ओहोटीला चिखलाची ढेकळं घेऊन धावला पाहिजे, असा रिवाज. पण तोवर निम्मी घरं कंपन्यांत शिफ्टला जायला लागली होती आणि बाकीच्या निम्म्यांनी त्या निम्म्यांकडे बोट दाखवलं. ठमाबाईचा नवरा एकटाच टोपली घेऊन खांडीवर गेला. एका माणसाच्या चिखलाने खाडी थोडीच अडते? शेतात खारं पाणी शिरलं ते शिरलंच, पुढे तिवरं उगवली. नवरा ओट्यावर बसून त्या तिवरांकडे बघत खंगून गेला. तेव्हापासून ठमाबाई मिठागरात कामाला येत होती. कोणाला तिने कधी बोल लावला नाही, आणि लोकांना ते जास्त झोंबायचं.

जगनच्या घरात गेल्या वर्षी सून आली होती, वैशाली. रोह्याची, दहावी झालेली, आणि माहेरी भावाच्या बरोबरीने कॉमिक्स वाचत वाढलेली. आल्याआल्या ती म्हणाली होती, "मामा, मी वाचून दाखवू का?" सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"नको गो. अक्षरं मध्ये आली की गाडी अडते."

तिने दोन पानं चाळली, एकदा सासऱ्याकडे पाहिलं, आणि पुस्तक गुपचूप फळीवर ठेवून दिलं. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. जगनला वाटलं, पोरगी शहाणी आहे.

तर त्या शनिवारी जगनने पुस्तक घेतलं आणि नेहमीप्रमाणे एस्टीत खिडकीशी बसून उघडलं. रामवाडी सुटेस्तोवर त्याचा चेहरा उतरला होता. खेकड्याने बांध फोडला होता. दोन पानं भरून एकच चित्र, दगड उडताहेत आणि निळं पाणी कोसळतंय. पुढच्या पानावर बांधवाला त्या पाण्यात गटांगळ्या खातोय, मुकुट एकीकडे, झगा दुसरीकडे. हेही एक वेळ ठीक होतं. पण शेवटच्या पानावर लोक नाचत होते. ज्यांच्या जमिनीवर पाणी शिरलं तेच लोक, गुडघाभर पाण्यात उभे राहून, पोरांना खांद्यावर घेऊन नाचत होते.

ठमाबाईला काय सांगायचं? आधीच तिचं सगळं पाण्यात गेलेलं, त्यात आपण पुस्तक उघडून पुन्हा तिच्या तोंडावर बांध फोडायचा? त्या संध्याकाळी तो शेडकडे फिरकलाच नाही. पुस्तक आलं नाय, असा निरोप धाडला, आणि चुलीपुढे बसलेल्या वैशालीच्या शेजारी पाटावर येऊन बसला. जरा वेळ उगाच लाकडं सारली. मग सदऱ्यातून पुस्तक काढून तिच्यापुढे धरलं.

"हे लोक कशाला नाचतात, तेवढं बघ."

वैशालीने तवा उतरवला. तिने वाचलं. "मामा, राग नाय ना येणार?"

"सांग तू."

"ते पाणी गोडं आहे."

"आं?"

"नदीचं पाणी आहे ते. त्या राजाने भिंत घालून अडवलंय. लोक तहानेने मरतात, म्हणून हात जोडून पाणी मागतात. तो देत नाय. हा लाल हातांचा त्यांना सोडवायला आलाय." मग हळू आवाजात ती म्हणाली, "पहिल्यापासून तसंच आहे."

जगन चित्राकडे बघत राहिला. निळं पाणी. गोडं असलं तरी निळं आणि खारं असलं तरी निळं. उभ्या जन्मात त्याने बांधापलीकडे खाऱ्याशिवाय दुसरं पाणी बघितलं नव्हतं, मग पुस्तकात गोडं येईल कुठून? त्याला हसूही आलं आणि लाजही वाटली. दीड वर्ष आपण एका हरामखोराला डोक्यावर घेऊन नाचलो.

"मग खेकड्याचं बरोबर हाय," तो शेवटी म्हणाला. "गोडं पाणी अडवणाऱ्याला बुडवलाच पायजे. पण गो, माझ्या गोष्टीत ते खारं हाय. आता मधीच गोडं कसं करू?"

"पुढचा भाग असेल एखादा," वैशाली म्हणाली. पुस्तकावर समाप्त छापलेलं तिने वाचलं होतं, पण त्याचं तोंड बघून तिला ते सांगवेना. "आमच्या सुजयला विचारा. त्याला सगळं माहीत असतं."

रविवारी सकाळी जगन पेणहून पॅसेंजरने रोह्याला निघाला. व्याह्यांच्या घरी जायचं म्हणून पिशवीत सुकी मासळी घेतली होती. निडी स्टेशन गेलं तेव्हाही तो तेच पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. समोरच्या बाकावरच्या बाईने त्याला नातवाचं पुस्तक का म्हणून विचारलं, तर तो हो म्हणाला. एरवी म्हणाला नसता.

सुजय, वैशालीचा भाऊ, रात्रपाळी करून आला होता. डोळे तांबारलेले, पण कॉमिक्सचं नाव काढताच तो ताजातवाना झाला. खाटेखालून त्याने पत्र्याची पेटी ओढली.

"संपली ना ती, काका. हा शेवटचाच भाग. पण तुम्ही काळजी करू नका, पुढच्या शनिवारपासून नवीन सुरू होतेय. अवकाशातली आहे. चित्रं एक नंबर. आणि ती जंगलातली घेतली नसेल तर आधी ती घ्या."

"बांध फुटल्यावर पुढं काय होतं?"

"काय होणार? सगळे सुखी."

"पाणी सगळीकडे गेलं असंल ना रं. घरं, शेतं?"

सुजयने डोकं खाजवलं. "ते नसतं दाखवलं."

"कोणी तरी बांधून काढलं असंल ना?"

"काका, गोष्ट संपल्यावर कोण कशाला बांधतंय?" सुजय हसला, पण जगन हसत नाही असं पाहून पेटीकडे वळला. त्याने अवकाशातल्या मालिकेची जाहिरात असलेलं एक पुस्तक काढून त्याच्या पिशवीत घातलं. पोरगा मनाने चांगला होता.

परत येताना जगनने ठरवलं, पुस्तक दाखवायचंच नाही. बांध शाबूत आहे, बांधवाला म्हातारा झाला, गोष्ट संपली, असं सांगायचं. काय बिघडतंय? पण संध्याकाळी तो शेडशी पोचला तर कालची बैठक चुकली म्हणून सगळे वाट बघत होते, आणि केरूने त्याच्या पिशवीत हात घालून पुस्तक बाहेरही काढलं.

"आलं ना पुस्तक? काल नाय म्हनलास?"

"बांध हाय ना रं?" ठमाबाईने विचारलं.

जगनने तोंड उघडलं. पण तिच्या तोंडाकडे बघून त्याला खोटं बोलवेना. चित्र दाखवून सांगणारा माणूस तो, चित्र लपवून सांगायची त्याला सवयच नव्हती.

"नाय," तो म्हणाला. "फुटला." आणि त्याने ते दोन पानांचं चित्र उघडून सगळ्यांपुढे धरलं.

पुस्तक या हातातून त्या हातात गेलं. ठमाबाईने ते घेतलं नाही, लांबूनच पाहिलं. शेवटचं नाचाचं पान कोणी उलटलंच नाही.

"पुढं?" कोणी तरी विचारलं.

"पुढं नाय. पुस्तक संपलं. मी रोह्यापतोर जाऊन आलो."

"संपलं कसं?" केरू म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "खांड पडली तर काय तशीच सोडतात? जोळ निघाली असंल ना त्यांची."

"ते दाखवलं नाय."

"दाखवलं नसंल. तू सांग ना."

जगनने पुस्तक हातात घेतलं, चाळलं आणि मिटून बाजूला ठेवलं. रिकाम्या हातांनी गोष्ट सांगायची त्याची ती पहिलीच वेळ. हातांचं काय करावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने ते गुडघ्यांवर ठेवले.

"बांधवाला बुडाला," तो चाचरत म्हणाला. "पाणी आत आलं. मग एका घरातनं एक मानूस टोपली घेऊन निघाला."

"एकटाच?" केरूने विचारलं.

"अजून तरी एकटाच."

केरू खाली मान घालून बसला होता. उधाणाच्या त्या वर्षी तो गावातच, घरातच होता, तरी खांडीवर गेला नव्हता, आणि हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तंबाखू मळता मळता त्याचा हात थांबला.

"माझ्या घरचा एक धर," तो म्हणाला.

जगनने त्याच्याकडे पाहिलं. "धरला."

"आमच्यातला पन धर," मागून मालू म्हणाली. "नवरा नसला तरी मी हाय. टोपली मला उचलते."

"माझा धाकटा धर." "आमचे दोघं धर, थोरला शिफ्टवरनं येईल." एकेक घर बोलत गेलं. जगन प्रत्येकाला धरला, धरला म्हणत गेला. बसलेल्यांपैकी एकही घर राहिलं नाही.

ठमाबाईने पदराचं टोक दाताखाली धरलं होतं. तिने कोणाकडे पाहिलं नाही. मग ती बसल्या जागेवरून थोडी पुढे सरकली.

"सांग रं लवकर," ती जगनला म्हणाली. "वहोटी लागली असंल."