शिवतेज कुणाच्या मांडीवर

जुळी झाली तेव्हा माझ्या अंगावर दोघांना पुरेल एवढं दूध नव्हतं. सृष्टी माझ्याकडे राहिली आणि शिवतेजला सासूबाईंनी बाटलीवर वाढवलं. चौदा महिन्यांत तो त्यांचाच झाला. मी घ्यायला गेले की अंग ताठ करायचा. बायका म्हणायच्या, तुझं किती सोपं झालं गं. माझ्या जिवाला काय लागत होतं ते मलाच ठाऊक.

माझ्या नवऱ्याचं, जयराजचं, चेन्नईत सोनं गाळायचं दुकान. त्याने आम्हाला कायमचं तिकडे बोलावलं. विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, पण एका मोठ्या माणसाकडे एकच. म्हणून सासूबाईही निघाल्या. आठ दिवसांनी त्या एकट्याच विट्याला परतणार होत्या. तोवर शिवतेज मला धरेल का, हीच धास्ती. मी जयराजला सांगून शिवतेजचं नाव माझ्या तिकिटाला जोडलं आणि सासूबाईंना ठोकून दिलं, "आत्याबाई, विमान कंपनीनंच नावं लावलीत. बदलता येत न्हाईत."

पुण्याला विमानतळावरच्या मुलीने आम्हाला वेगवेगळ्या रांगा दिल्या. एका रांगेत ऑक्सिजनचा जादा मास्क एकच असतो म्हणाली. सासूबाईंनी शिवतेजकडे बोट करून तिला विचारलं, "ह्यो माझ्याकडं न्हाई का चालायचा?"

"चालेल की आजी. लगेच बदलून देते."

मी खाली मान घातली. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग तिला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

विमानात त्यांनीच शिवतेजला माझ्या मांडीवर बसवलं आणि सृष्टीला घेऊन तीन रांगा पुढे गेल्या. हवाई सुंदरीने त्याचा छोटा पट्टा माझ्या पट्ट्यात ओवून दिला. त्याने जे भोकाड पसरलं, ते थांबेचना. सासूबाईंचं डोकं मला दिसत होतं. एकदाही वळलं नाही. मला त्यांचा राग आला.

पट्ट्याचा दिवा विझल्यावर मी हरले. त्याला घेऊन त्यांच्याकडे गेले. सृष्टी झोपली होती आणि सासूबाई पदर तोंडात धरून रडत होत्या.

"मी खोटं बोलले, आत्याबाई. घ्या ह्याला."

त्यांचे हात पुढे आले. मग त्यांनी ते सृष्टीभोवती घट्ट मिटून घेतले.

"आज घेतला तर आठव्या दिशी कशी सोडू? जा पोरी, जाग्यावर बस."