सुचित्राचा फोन बंद होता

"कोणी काही दाबू नका!" खांद्यावरची पर्स न काढताच सुचित्रा म्हणाली.

सोमवारचे साडेनऊ वाजले होते. या वेळेला शहरभर लोक उपाशीपोटी रक्त देऊन मोकळे होतात आणि चाळीस लॅबमधल्या नोंदी एकदम येऊन आदळतात. भिंतीवरच्या स्क्रीनवर अडकलेल्या रिपोर्टांचा आकडा सहाशेच्या वर गेला होता. सुचित्राने उभ्याउभ्याच चार ओळी टाइप केल्या, मनात वीस मोजले आणि पाचवी ओळ टाइप केली. आकडा उतरायला लागला.

"वीस का मोजले, ताई?" पूर्वीने विचारलं. तिला कंपनीत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

"पंधराला सोडलं तर परत अडकतं."

"हे कुठे लिहिलंय का?"

"लिहायचं काय त्यात? मी आहे ना."

मागे उभ्या असलेल्या गौतमने ते ऐकलं. तो इंजिनिअरिंगचा प्रमुख म्हणून तीन महिन्यांपूर्वीच आला होता. दुपारी त्याने सुचित्राला आत बोलावलं.

चौदा वर्षांपूर्वी हिंदमाताला एका साडीच्या दुकानावरच्या खोलीत कंपनी सुरू झाली, तेव्हा इंजिनिअर म्हणजे एकटी सुचित्रा. लॅबमधला रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर पोचवायचा, एवढंच काम. आता परळच्या एका जुन्या गिरणीच्या जागेत काचेचं ऑफिस होतं आणि बावीस इंजिनिअर होते. लॅब वाढल्या की सर्व्हर वाढवायचे, हा आजवरचा उपाय. पण सगळे सर्व्हर शेवटी एकाच डेटाबेसच्या दारात रांग लावायचे. माणसांचंही तेच. बावीस जणांचा कुठलाही अवघड प्रश्न फिरून फिरून सुचित्राच्या टेबलाशी येऊन थांबायचा.

"एक तारखेपासून दोनशे साठ लॅब जोडल्या जाणार," गौतम म्हणाला. "रिपोर्ट पाठवण्याचं काम मुख्य सिस्टीममधून वेगळं काढायला हवं. त्याची वेगळी टीम. पूर्वी सांभाळेल."

"पूर्वी? तिला अजून—"

"तिला माहीत नाही, कारण ते फक्त तुमच्या डोक्यात आहे. पुढचे तीन आठवडे तुम्ही कीबोर्डला हात लावायचा नाही. फक्त सांगायचं. करतील ते लोक."

"म्हणजे मला बाजूला करताय."

"तुम्ही आजारी पडलात तर ही कंपनी सकाळी साडेनऊला बंद पडते, सुचित्राताई. मला त्याची भीती वाटते. तुम्हाला नाही वाटत?"

तीन वर्षांपूर्वीची एक दुपार सुचित्राला आठवली. बाबा हॉस्पिटलात होते. फोन आला म्हणून ती लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्यात बसली. वीस मिनिटांत सिस्टीम सुरू झाली. वर गेली तेव्हा आई बाबांचा हात धरून नुसती बसली होती. "आत्ताच गेले," एवढंच आई म्हणाली होती. त्यानंतर आईने तो विषय कधी काढला नाही.

त्या रात्री जेवताना लालबागच्या घरी तिच्या आईने, शेवंतीबाईंनी, मात्र दुसराच विषय काढला. मोतीबिंदूचं ऑपरेशन सुचित्राने दोनदा पुढे ढकललं होतं. तिसऱ्यांदा मिळालेला दिवस नेमका एक तारखेचा होता.

"आई, पुढच्या आठवड्यात करूया? त्या दिवशी ऑफिसात—"

"माका आता समोरचा मीठ काय साखर ता समजणा नाय," शेवंतीबाई शांतपणे म्हणाल्या. "तू नको येव. शेजारची रखमा येतली माझ्यावांगडा."

सुचित्राचा घास तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने पूर्वीला शेजारी बसवून घेतलं. पहिला आठवडा वाईट गेला. पूर्वी चुकीच्या खिडकीत टाइप करायला लागली की सुचित्राचा हात आपोआप पुढे जायचा. शेवटी ती हातांची घडी घालून बसायला लागली. पूर्वी प्रत्येक ओळीला "का?" विचारायची. काही गोष्टींचं उत्तर सुचित्रालाही येत नव्हतं. "कधीतरी असं केलं आणि चाललं, म्हणून," हे स्वतःच्या तोंडून ऐकताना तिला प्रथमच लाज वाटली. मग दोघी मिळून कारण शोधायच्या. वीस का मोजायचे, ते सापडायला अख्खा दिवस गेला. जुनं कनेक्शन सुटायला साधारण तेवढा वेळ लागायचा, एवढंच निघालं. दोघी खूप हसल्या, आणि सिस्टीम अडकली तर काय करायचं त्या सूचनांच्या कागदावर सुचित्राने तेही लिहून ठेवलं.

एक तारखेला सकाळी आठला सुचित्रा आईला घेऊन दादरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोचली. हातातला फोन ती दर मिनिटाला बघत होती. हिरवा गाऊन घातलेल्या शेवंतीबाई स्ट्रेचरवरून म्हणाल्या,

"गो, डोळो माजो कापतत, तुजो नाय. बंद कर तो फोन."

सुचित्राने तो बंद केला. आई आत जाईपर्यंत ती तिचा हात धरून चालली. मग बाहेरच्या बाकावर बसली. साडेनऊ वाजले. पावणेदहा वाजले. पर्समध्ये दोनदा हात गेला आणि दोनदा रिकामाच बाहेर आला. शेजारच्या बाई विचारत होत्या, तुमचं कोण आत आहे? "आई," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ त्या अनोळखी बाईला आईबद्दलच सांगत राहिली.

आईला घरी आणून निजवल्यावर दुपारी तिने फोन सुरू केला. पूर्वीच्या एका मिस्ड कॉलची सूचना आली, नऊ सदतीसची. एकच. त्याखाली दहा वाजून पाच मिनिटांचा मेसेज: "झालं, ताई. आईंना कसं आहे?"

ती मेसेज पुन्हा पुन्हा वाचत राहिली. आनंद झाला होता. त्याच्या खाली कुठेतरी दुखतही होतं, आणि दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. शेवंतीबाईंनी डोळ्यांची उघडझाप केली, खिडकी पाहिली, मग लेकीकडे बघत राहिल्या.

"तुजे केस कधी पिकले गो?"

"पिकतायत हळूहळू," सुचित्रा हसून म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली, तेव्हा पूर्वीने घाबरत घाबरत सांगितलं. नऊ सदतीसला रिपोर्ट पाठवणारी नवी, वेगळी काढलेली सिस्टीमही तुंबली होती. सुचित्राच्या कागदाप्रमाणे सगळं थांबवून परत सुरू करायचं होतं. पूर्वीने तसं केलं नाही. नेहमीच्या तपासण्यांचे रिपोर्ट तिने रोखून धरले आणि हॉस्पिटलांचे तातडीचे पुढे जाऊ दिले. बाकीचे अर्ध्या तासात मागून गेले.

"तुम्ही सांगितल्यापेक्षा वेगळं केलं. कागदावरही बदललंय. चालेल ना?"

"मी असते तर सगळंच थांबवलं असतं," सुचित्रा म्हणाली. "तातडीचेसुद्धा." तिने कागदावरचा बदल वाचला. "हे मला सुचलं नसतं."

दुपारी पूर्वीकडून एक विनंती आली. रिपोर्ट पाठवण्याचा जुना कोड आता वापरात नव्हता. तो काढून टाकायला सुचित्राची मंजुरी हवी होती. तिने फाइल उघडली. नऊशे चाळीस ओळी. हिंदमाताच्या खोलीत, खालून साड्यांचे भाव ऐकू येत असताना लिहिलेल्या. ती एकेक ओळ वाचत खाली आली. मध्येच एका ओळीशेजारी तिनेच स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं: तात्पुरतं आहे. उद्या नीट करते. खाली चौदा वर्षांपूर्वीची तारीख.

तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मंजुरी दिली. मग उठून पूर्वीच्या टेबलाशी गेली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

"चल, आता मला शिकव," ती म्हणाली. "तुझं कसं चालतं ते."